नव्या पोह्यांचा मलिदा

आडवं पडलेल्या माणसाला ऋतू निराळाच दिसतो. उभं राहिलं की शेत दिसतं, बांध दिसतो, रस्त्यानं जाणारा टेंपो दिसतो. मला खाटेवरून दिसतात ते खिडकीच्या खालच्या चौकटीला टेकलेले भाताचे पिवळे शेंडे, त्यांच्यावर डोंगराची निळी कड आणि मग पुष्कळसं आभाळ. बाकीचं सगळं कानानं आणि नाकानं समजून घ्यायचं. सकाळी धुकं असलं की आवाज फार जवळ येतात. कुणीतरी विळ्याला धार लावतं, कुणीतरी खोकतं, कुणीतरी कुणाला तरी "पेंढा तिथं नको टाकूस गं" म्हणून ओरडतं. मग ऊन चढतं, कापलेल्या भाताचा गोडसर ओला वास आत येतो आणि हे कोणतं वर्ष चाललंय तेच मला कळेनासं होतं.

कारण याच खाटेवर, याच खिडकीशी, कापणीच्या याच दिवसांत मी एकदा अशीच पडून होते. काही वर्षं झाली त्याला. तेव्हाही पोटात बाळ होतं, आत्ताही आहे. तेव्हाही डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घालून "आता उठायचं नाही" असं बजावलं होतं, आत्ताही बजावलंय. दुपारी डोळा लागला की दोन्ही ऋतू एकमेकांत मिसळतात. जाग येते तेव्हा क्षणभर वाटतं, अजून तेच चाललंय, मधलं काही झालेलंच नाही.

घर माझ्या आईचं, कळंबच्या अलीकडे, शेताला लागून. माझं स्वतःचं घर चौकला. तिथं माझ्या नवऱ्याचं, बेंजीचं, गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तो रविवारी येतो, खाटेच्या कडेला बसतो आणि माझ्याशी काय बोलावं ते न सुचल्यानं पंख्याचा आवाज का येतोय ते तपासतो. मी स्वतः इथल्याच एका रिसॉर्टवर लोकांची लग्नं बसवून देते. वरात किती वाजता, जेवण कुठल्या हिरवळीवर, पाऊस आला तर मंडप कुठे, वीज गेली तर काय. मुंबईहून आलेला वधूपिता घाम पुसत विचारतो, "मॅडम, आणि ऐन वेळी हे नाही झालं तर?" मी हसून दुसरी तयारी दाखवते. दुसरी नाही जमली तर तिसरी असते. अशा बाईला देवानं खाटेवर टाकलं आणि सांगितलं, बघ आता. या पोटाची दुसरी तयारी कुणाजवळच नव्हती.

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे ज्यू, पण याच मातीतले. या जिल्ह्यात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून स्वस्थ बसायचे, म्हणून गावानं आम्हाला शनिवारतेली हे नाव दिलं. घाणे गेले. आमची बहुतेक माणसंही इस्राएलला गेली. आमच्या अंगणात घाण्याचा एक दगड मात्र उरलाय, आई त्यावर गोधड्या धुते. रिसॉर्टवरचे पाहुणे माझं नाव ऐकून विचारतात, "ख्रिश्चन का?" मी कधी समजावून सांगते, कधी कंटाळा आला की हो म्हणते.

या मातीतल्या आम्हा लोकांचा एक नबी आहे, एलियाहू हनाबी. शास्त्रातला एलिया तो हाच. ज्यूंना तो जगात सगळीकडे प्रिय आहे, पण नवस बोलावा, अडीनडीला हाक मारावी, घरचा माणूस असल्यासारखं त्याच्यावर रुसावं, हे आमच्या कोकणातलंच. त्याच्या नावानं आम्ही मलिदा करतो. पेपरात कंत्राटदार खातात तो नव्हे. पोहे भिजवून त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, भोवती केळी, खजूर, पेरू असली फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. मोठ्या परातीत हे सगळं मांडायचं, नबीचं गाणं म्हणायचं, फळाफळाला आशीर्वाद म्हणायचा आणि मग सगळ्यांना वाटायचं. नवस पुरा झाला की मलिदा. नोकरी लागली, लग्न ठरलं, दुखणं बरं झालं की मलिदा. आधी काम, मग मलिदा, असा तो सरळ व्यवहार. निदान मला तोवर तसं वाटायचं.

मी पहिल्यांदा या खाटेवर होते त्या वर्षी खिडकीच्या गजावर रोज एक कावळा येऊन बसायचा. इकडे कावळा ओरडला की पाहुणा येणार म्हणतात, आईला मात्र त्याचं वेगळंच कौतुक. ती त्याला कधी हाकलत नाही. "नबीचा टिफिनवाला हाय तो," पप्पा म्हणायचे. पप्पा पोस्टात होते, आता निवृत्त. दुपारी ते खाटेपाशी खुर्ची ओढून बसायचे आणि लहानपणी सांगायचे तीच गोष्ट मला सांगायचे, जणू मी अजून पाचवीत आहे.

"दुष्काळ पडला. दव नाय, पाऊस नाय. देव नबीला म्हणाला, जा, त्या ओढ्याकाठी लपून राहा. ओढ्याचं पाणी प्यायचं आणि कावळे सकाळ-संध्याकाळ भाकरी आणून द्यायचे."

"आणि मग ओढा आटला," मी म्हणायचे. मला पुढचं पाठ होतं.

"आटला. पण बघ हां, ओढा आटेपर्यंत देवानं त्याला पुढचं काय सांगितलं नाय. रोज पाणी खाली चाललंय, नबीला दिसतंय. तरी बसून राहिला. पाणी संपलं तेव्हा सांगितलं, आता ऊठ, अमक्या गावात एक विधवा हाय, ती तुला जेवू घालील."

"आधीच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"तुझ्यासारखा असता तर त्यानं लगेच गाडी बुक केली असती," पप्पा म्हणायचे आणि हसत हसत डोळे मिटायचे. थोड्या वेळानं त्यांचं घोरणं सुरू व्हायचं. बाहेर भात झोडल्याचा आवाज यायचा, एक धप्प, मग जरा थांबून दुसरा. त्या तालावर मलाही गुंगी यायची. ओढा, कावळा, विधवा, मशीनवर दिसलेलं बाळाचं धडधडणारं ठिपक्याएवढं काळीज, सगळं त्या गुंगीत एकत्र तरंगायचं. मला भीती वाटायची आणि भीतीतच झोप लागायची. इतक्या धास्तीच्या दिवसांची आठवण इतकी मऊ कशी, हे मला अजून उमगलेलं नाही.

जनीबाई वरच्या वाडीवरची, ठाकर आदिवासींपैकी. आमचं शेत आई-पप्पा आणि तिचं घर मिळून करतात. कापणी संपली तशी ती नव्या भाताचे पोहे करून घेऊन आली. पोहे अजून कोमट होते. सगळ्या घराला त्यांचा वास सुटला. आईनं परात काढली, नारळ फोडला आणि शांतपणे म्हणाली, "उद्या मलिदा करू."

"कशाचा?" मी विचारलं.

"तुझ्या बाळाचा."

"अगं, अजून झालं कुठं?"

"म्हणून तर."

पनवेलहून माझ्या आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे पप्पांची बहीण, रीतिभातीला एकदम कडक. आईनं फोन स्पीकरवर लावला होता, त्यामुळं मी सगळं ऐकलं. "वहिनी, नवस आधी फेडतात का कुठं? उलटं लागतं ते. मूल हातात येऊ दे, मग कर काय करायचं ते."

आई नारळ खवत होती, ती थांबली नाही. "वन्सं, त्या विधवेजवळ मूठभर पीठ होतं. ती नि तिचं पोर, दोघांची शेवटची भाकर. नबी तिला म्हणाला, आधी मला करून दे, मग तुमी खा. पीठ पुरेल का ते बघत बसली नाय ती. आधी दिली. मग पीठ संपलंच नाय. मी नवस फेडत नाय, वन्सं. मी आधी देते."

जनीबाई उंबऱ्यावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आमच्यात बी नवं भात आदी देवाला दावल्याबिगर कोन खात नाय. पोटात भूक असली तरी नाय. तुमचा नबी आमच्याच वाडीतला दिसतोय."

दुसऱ्या दिवशी मलिदा झाला. खाटेशेजारी पाट मांडून परात ठेवली. पप्पांनी डोक्यावर टोपी घालून गाणं म्हटलं, बेंजीनं बेसूर साथ दिली. जनीबाईची माणसं दारात उभी राहिली. मला उशीला टेकवून बसवलं होतं. गुलाबाची एक पाकळी माझ्या पोटावर पडली, ती मी काढली नाही. नव्या पोह्यांना एक दुधाळ गोडी असते, गूळ न घालताही कळते ती. मी पहिला घास घेतला आणि मला अगदी नक्की वाटलं की आता सगळं ठीक होणार. आईचं ऐकून मीही देवाला आगाऊ दिलं होतं, आणि आगाऊ रक्कम घेतल्यावर तारीख न चुकवणं हा तर माझ्या धंद्याचा नियम.

भात निघाल्यावर त्याच वावरात वाल पेरतात. या पिकाला कुणी पाणी घालत नाही, पाऊस तर संपलेलाच असतो. जमिनीत राहिलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर तो वाढतो. मी खिडकीतून वर सरकणारी हिरवी रेघ बघायचे. रोज जरा जास्त दिसायची. वालाला फुलं आली, तेव्हा माझ्या पोटात दुखू लागलं.

त्या सकाळचं मला तुकड्या-तुकड्यांतच आठवतं. आमच्या दाराच्या चौकटीवर एक लहानशी नळी ठोकलेली असते, तिच्यात शास्त्राचं वचन गुंडाळून ठेवलेलं. येताजाता तिला बोट लावून ते ओठांना लावायचं. मला उचलून गाडीत नेत होते, माझा हात पोचत नव्हता. आईनं नळीला हात लावला आणि तिचं बोट माझ्या ओठांवर टेकवलं. बोटाला लसणीचा वास होता. पुढे रस्ता, खालापूरकडून येणाऱ्या ट्रकांचे हॉर्न, दवाखान्याचं पांढरं छत. मुलगी होती. फार लवकर आली होती. ती श्वास घ्यायचा प्रयत्न करत होती, असं मला सांगितलं. मग पप्पा आणि बेंजी तिला कबरस्तानात घेऊन गेले. मी तिला बघितलं, पण पुरेसं नाही बघितलं.

मी परत याच खाटेवर आले. आत्याचा फोन आला. आई फोन कानाला लावून उभी होती, आवाज बाहेर ऐकू येत होता. "मी म्हटलं होतं ना वहिनी." आई म्हणाली, "हो वन्सं." एवढंच.

मी आईशी वाईट वागले असं नाही म्हणणार. पण जे आलं ते बोलले. "तुझ्या नबीनं काय केलं? आपण आधी दिलं होतं ना?"

आई भिंतीला टेकून बसली. "मला ठाऊक नाय गं," म्हणाली. आणि उठून आत गेली.

पप्पा नेहमीच्या खुर्चीवर होते. गोष्ट ते कायम न संपणाऱ्या पिठापाशी थांबवायचे. त्या दिवशी, मी न विचारता, त्यांनी पुढची सांगितली.

"पीठ संपलं नाय, तरी त्या विधवेचं पोर आजारी पडून गेलं. नबीनं ते परत उठवलं. पण ते राहू दे. मी तुला नंतरचं सांगतो. पुढं एक दिवस नबी स्वतःच थकला. रानात एका झुडपाखाली जाऊन बसला आणि देवाला म्हणाला, पुरे झालं आता, मला ने. एवढा मोठा नबी, म्हणाला, मला ने." पप्पांनी खुर्ची खाटेच्या आणखी जवळ ओढली. "देव त्याला रागावला नाय. कारण बी सांगितलं नाय. त्याला झोपू दिलं. मग दूताला धाडून उठवलं, निखाऱ्यावरची भाकर दिली, पाणी दिलं. त्यानं खाल्लं आणि परत झोपला. परत झोपू दिलं. परत उठवलं. खा म्हणाला, वाट लांब हाय. बस."

आई आतून वाटी घेऊन आली. दुधात भिजवलेले तेच पोहे, थोडा गूळ. तिनं माझ्या डोक्याखाली हात घालून मला उठवलं. "खा," म्हणाली. "मग झोप."

मी खाल्लं. झोपले. संध्याकाळी तिनं परत उठवलं, परत खाल्लं. कावळा गजावर येऊन गेला की नाही, ते मी बघितलं नाही.

त्यानंतरची वर्षं मी नीट उभ्यानं काढली. लग्नं लावली, भांडले, हसले. घरात कुणाचा मलिदा असला की मी फोन आल्याचं निमित्त करून दाराबाहेर उभी राहायचे. देव नाही असं मला कधी वाटलं नाही. त्याच्याशी बोलणं सोडलं होतं, इतकंच, जसं नात्यातल्या एखाद्याशी सोडतात. पण विचित्र असं की सकाळी उठताना, गाडीला किल्ली लावताना, भुकेच्या वेळी, मला तो झुडपाखालचा नबी आठवायचा. ओढ्याकाठचा नाही, अग्नीच्या रथातून आभाळात जाणारा तर नाहीच. फक्त तो झोपलेला माणूस आणि त्याच्या उशाशी ठेवलेली भाकर. पुढचं काही त्यालाही सांगितलेलं नव्हतं. पुढच्या जेवणापर्यंत मात्र कुणीतरी होतं. हळूहळू मला वाटू लागलं की देवाच्या मनात काय आहे ते मला कळायला हवं, हा माझाच हट्ट होता. विश्वास याहून साधा असावा. पाणी घातलेलं नसताना वाल वाढतो, तेवढा साधा.

हे सगळं खाटेवर पडल्या पडल्या म्हणायला सोपं आहे. खरं सांगायचं तर या वेळी मला जास्त भीती वाटते. मागच्या खेपेला काय होऊ शकतं हे ठाऊक नव्हतं.

काल जनीबाई येऊन गेली. तिचे केस आता पुष्कळ पांढरे झालेत. नव्या पोह्यांचा डबा तिनं उंबऱ्यावर ठेवला, मला बघून मान डोलावली आणि "हाय ना समदं बरं" असं विचारून उत्तर न घेता गेली. तोच कोमट वास घरभर पसरला. मी आईची वाट बघत राहिले. आईनं डबा उचलून फडताळात ठेवला. मलिद्याचं नाव नाही. दुपार गेली. संध्याकाळी ती दिवाबत्ती करून माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "उद्या न्याहारीला पोहे करू? कांदा घालून?"

नवे पोहे आमच्या घरात आधी मलिद्याला लागतात, मग न्याहारीला. मी तिच्याकडं बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"आई, मलिदा नाही करायचा?"

"तू मोकळी हो. मग करू. सगळ्यात मोठा करू."

"मागच्या वेळी तर आधी केलास."

"म्हणून तर," ती म्हणाली. मग अगदी हळू, "वन्सं म्हणाल्या होत्या ना. मीच घाई केली. देवाच्या पुढं पळाले मी."

मला एकदम सगळं दिसलं. आत्याचा फोन, "हो वन्सं", भिंतीला टेकलेली पाठ. इतकी वर्षं मी समजत होते की आईजवळ एक पक्का विश्वास आहे आणि त्यानं मला फसवलं. ती बिचारी तेव्हापासून स्वतःलाच दोषी धरून बसली होती. माझ्या मुलीचं मरण तिनं आपल्या परातीला चिकटवलं होतं, आणि मी दाराबाहेर फोनवर खोटंखोटं बोलत होते. मला रडू आलं. मी ते आवरलं नाही.

"आई, त्या विधवेनं आधी भाकर दिली आणि तरी तिचं पोर आजारी पडलंच. पप्पांनी सांगितलं होतं ना."

"तिचं पोर उठलं गं."

"हो. माझी नाही उठली."

हे वाक्य आम्ही दोघींनी कधी एकमेकींसमोर उच्चारलं नव्हतं. बाहेर पप्पा रेडिओ लावत होते, त्याची खरखर थांबली.

"तू मला वाटी आणून दिलीस," मी म्हणाले. "खा म्हणालीस, झोप म्हणालीस. मी आजवर तेवढ्यावरच चाललेय, आई. मलिद्यानं काही वाईट केलं नाही. परात काढ. मला उठता येत नाही, पण उशीला टेकून गूळ चिरता येईल."

"आणि समजा..." आई म्हणाली.

"समजा तसंच झालं, तर परत वाटी आण."

ती बराच वेळ माझा हात धरून बसली. तिचा हात थंड होता, मग जरा ऊन लागल्यासारखा झाला. मग उठली. फडताळाचं दार वाजलं. परातीवरची धूळ पुसल्याचा आवाज आला. त्याच्यामागून पप्पांचं गुणगुणणं ऐकू आलं. नबीचं गाणं त्यांनी रात्रीच धरलं होतं, सकाळची वाट न बघता.

आत्ता सकाळ आहे. गजावर कावळा आहे, तोच की त्याचा नातू, कोण जाणे. मी गुळाची ढेप मांडीवर घेऊन बसलेय, सुरीला चिकटलेला गूळ बोटानं काढून खातेय. आई दाराशी उभी राहून आत्याला फोन लावतेय.

"वन्सं, आज मलिदा हाय. दुपारपर्यंत या तुमी. नाय, अजून नाय झालं, शिमग्यानंतर हाय. हो. हो, आधीच." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं. आईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"कशाचा म्हणून काय विचारता वन्सं," आई म्हणाली, "पोहे नवे आलेत."